पट्ट्याचा आराम गादीत नसतो

छायाचित्रणाची शिबिरं, हौशी मंडळींच्या रविवार सकाळच्या फेऱ्या आणि कॅमेऱ्यांच्या दुकानांतले काउंटर, या सगळ्या ठिकाणी एक मत इतक्या सहजपणे सांगितलं जातं, की ते तपासून पाहावं असं कुणाला वाटतच नाही. छोटा कॅमेरा घेतलेल्या माणसाने पट्ट्याबद्दल विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : “एवढासा तर कॅमेरा! खोक्यात आलाय तोच पट्टा लावा आणि फोटो काढायला लागा.” खांदा खुपतो, मान अवघडते अशी तक्रार त्याने केली, की दुसरं ठरलेलं उत्तर येतं : “मग रुंद घ्या, गादीवाला.” गादीवालाही नको वाटला, की तिसरं तयार असतं : “खरे फोटोग्राफर गळ्यात काही घालतच नाहीत. मनगटाला दोरी पुरते.”

ही तिन्ही उत्तरं चुकीची आहेत. पहिल्यात प्रश्नच झटकून टाकलेला आहे. दुसऱ्यात मोठ्या कॅमेऱ्याचं औषध छोट्या कॅमेऱ्याला दिलेलं आहे. तिसऱ्यात एका विशिष्ट सवयीला नियमाचा दर्जा दिलेला आहे. माझं म्हणणं असं, की छोट्या कॅमेऱ्याच्या पट्ट्याचा आराम तीन गोष्टींवर ठरतो : त्याची लांबी, तो अंगावरून किती सहज सरकतो आणि तो कॅमेऱ्याला कुठे व कसा जोडलेला आहे. रुंदीला त्यानंतरची जागा आहे. गादी, ब्रँड आणि किंमत यांचा नंबर तर अगदी शेवटी लागतो.

विषय किरकोळ वाटेल, पण तसा तो नाही. छोटा कॅमेरा माणूस घेतो तो एकाच कारणासाठी : तो रोज बरोबर असावा. भाजी आणायला जाताना, ऑफिसातून परतताना, गडावर, लग्नघरात, मुलांच्या शाळेच्या फाटकाशी. हा कॅमेरा कपाटात राहू लागला, तर त्याची लेन्स कितीही धारदार असो, पैसे वाया गेले. आणि तो कपाटात राहण्याचं कारण बहुतेक वेळा लेन्स, सेन्सर किंवा बॅटरी यांपैकी काही नसतं. तो अंगावर बाळगणं कंटाळवाणं होतं, हे असतं.

‘हलक्या कॅमेऱ्याला कसलाही पट्टा चालतो’ या मताची भक्कम बाजू आधी मांडायला हवी. बॅटरी आणि कार्डासह रिको जीआर थ्री 257 ग्रॅम भरतो. फुजीफिल्मचा एक्स100व्हीआय 521 ग्रॅम, तर लायका क्यू3 743 ग्रॅम. त्यांच्या शेजारी कॅननचा 5डी मार्क फोर ठेवा आणि त्यावर 24–70 मिलिमीटरची एफ 2.8 लेन्स चढवा. दोन्ही मिळून वजन 1,700 ग्रॅमच्या घरात जातं. एवढं ओझं दिवसभर गळ्यात वागवलेल्या माणसाला अर्ध्या किलोचा कॅमेरा म्हणजे काहीच वाटणार नाही, आणि त्याने नवख्याला “पट्ट्याचा विचार करू नका” असं सांगितलं तर ते प्रामाणिकपणेच सांगितलेलं असतं.

पण खांद्याला वजनापेक्षा दाब आधी जाणवतो. एक ढोबळ हिशेब करू. पट्टा खांद्यावर साधारण 20 सेंटिमीटर लांबीत टेकतो असं धरा. मोठ्या कॅमेऱ्याचा पट्टा 45 मिलिमीटर रुंद असेल, तर टेकणारं क्षेत्रफळ 90 चौरस सेंटिमीटर झालं आणि 1,700 ग्रॅमचा भार दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 19 ग्रॅम पडला. आता 521 ग्रॅमचा छोटा कॅमेरा 10 मिलिमीटरच्या बारीक पट्टीवर लटकवा. क्षेत्रफळ उरलं 20 चौरस सेंटिमीटर आणि भार झाला दर चौरस सेंटिमीटरला 26 ग्रॅम. म्हणजे तिपटीहून हलका असलेला कॅमेरा खांद्यात जास्त रुततो. त्यात पट्टी चालता चालता पिळली आणि तिची कड अंगाला लागली, की दाब आणखी वाढतो. “एवढासा कॅमेरा, तरी खांदा कसा दुखतो?” असं विचारणाऱ्याला आपण नाजूक ठरवतो. त्याचा खांदा मात्र अगदी बरोबर मोजमाप सांगत असतो.

इथे ‘गादीवाला घ्या’ म्हणणारे पुढे सरसावतील. दाबच जर कारण असेल तर रुंदी हेच उत्तर, नाही का? थोड्या अंतरापर्यंत, हो. पण तोच हिशेब पुढे चालवून पाहा. तोच 521 ग्रॅमचा कॅमेरा 25 मिलिमीटरच्या पट्ट्यावर टांगला, तर 26 चा आकडा 10 वर येतो. हा फरक खांद्याला लगेच कळतो. पट्टा आणखी रुंद करून 45 मिलिमीटरचा केला, तर 10 चे 6 होतात. पहिल्या 15 मिलिमीटरांनी 16 ग्रॅम वाचवले, पुढच्या 20 मिलिमीटरांनी जेमतेम 4. या शेवटच्या चार ग्रॅमांसाठी काय मोजावं लागतं, ते गादीवाल्या पट्ट्याचे पुरस्कर्ते सांगत नाहीत.

पहिली किंमत आकाराची. रिको जीआर थ्रीसारखा कॅमेरा पँटच्या किंवा कुर्त्याच्या खिशात मावतो, हाच त्याचा मोठा गुण. त्याला निओप्रीनचा जाड पट्टा लावला की तो खिशात जात नाही, पर्समध्ये जात नाही. पट्टा गुंडाळला की त्याची वळकटी कॅमेऱ्याहून मोठी होते. ज्या सोयीसाठी पैसे मोजले, ती सोय पट्ट्यानेच काढून घेतली.

दुसरी किंमत लवचीकपणाची. निओप्रीन ताणलं जातं, म्हणून त्यावर टांगलेली वस्तू हलकी वाटते असं सांगतात. ताणल्याने वजन कमी होत नाही, पावलागणिक बसणारे हिसके तेवढे बोथट होतात. मोठ्या कॅमेऱ्याच्या बाबतीत तो खरा फायदा आहे आणि तो मी नाकारत नाही. पण अर्ध्या किलोच्या कॅमेऱ्याचे हिसके मुळातच किरकोळ. तिथे त्या ताणाचा उपयोग कमी आणि उपद्रव जास्त, कारण जरा भरभर चाललं की कॅमेरा पोटावर उड्या मारू लागतो आणि एक हात कायम त्याला धरून ठेवण्यात अडकतो.

तिसरी किंमत सगळ्यात मोठी, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. बहुतेक गादीवाल्या पट्ट्यांच्या आतल्या बाजूला रबराचे ठिपके किंवा खरखरीत कापड असतं. खांद्यावरून पट्टा घसरू नये, हा त्यामागचा हेतू. एका खांद्यावर जड कॅमेरा अडकवणाऱ्याला ते हवंच असतं. पण पट्टा तिरका, एका खांद्यावरून दुसऱ्या कमरेकडे घातला, की कॅमेरा कमरेपासून डोळ्यापर्यंत उचलताना पट्ट्याला खांद्यावरून सरकावं लागतं. गोल पृष्ठभागावरून ओढल्या जाणाऱ्या पट्ट्याचं घर्षण सरळ बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतं. पट्टा खांद्याभोवती अर्धा वळसा घेतो असं धरलं आणि घर्षणांक 0.3 असला, तर एका बाजूच्या ताणाच्या सुमारे अडीचपट जोर दुसऱ्या बाजूने लावल्यावर तो सरकतो. घर्षणांक 0.6 झाला की तोच जोर साडेसहापट लागतो. गुळगुळीत नायलॉन आणि रबरी आतली बाजू यांच्यात वापरताना जमीन-अस्मानाचा फरक वाटतो तो यामुळे. रबरी पट्टा सदरा ओढतो, कॉलर वाकडी करतो, मानेला घासतो आणि समोरचा क्षण निघून जातो. दिवसातून शंभरदा कॅमेरा उचलणाऱ्याला मऊ गादीपेक्षा मुकाट्याने सरकणारी पट्टी कितीतरी अधिक आराम देते.

म्हणून रुंदीबाबत माझं म्हणणं सरळ आहे. अडीचशे-तीनशे ग्रॅमच्या कॅमेऱ्याला 10 ते 15 मिलिमीटर पुरतात. अर्ध्या किलोच्या आसपास 20 ते 25. पाऊण किलोला 30 मिलिमीटरपर्यंत. त्यापुढे जायचं कारण छोट्या कॅमेऱ्याला नाही. पट्टी सपाट, सहज न पिळणारी, गुळगुळीत आणि कडेला न कापणारी असावी. गादी नसली तर काही बिघडत नाही.

आता लांबीकडे येऊ, कारण खरा आराम तिथे आहे. कॅमेऱ्याबरोबर येणारे पट्टे साधारणपणे कॅमेरा छातीवर किंवा पोटावर लटकावा अशा बेताने केलेले असतात. गळ्यात घातलेला कॅमेरा मानेच्या मागच्या बाजूला ओढतो, वाकलं की पुढे झोके घेतो आणि जेवायला बसलं की ताटात येतो. तोच कॅमेरा तिरक्या पट्ट्याने दुसऱ्या बाजूच्या कमरेवर आणला, की भार मानेवरून खांद्यावर आणि अंगावर उतरतो, झोके थांबतात, गर्दीत तो हिसकावून घेणं अवघड होतं आणि कोपर वाकवून हात खाली सोडला की मूठ आपोआप कॅमेऱ्यावर पडते. पण यासाठी लांबी नेमकी हवी. पट्टा आखूड झाला तर कॅमेरा बरगड्यांवर आपटतो आणि डोळ्यापर्यंत पोचताना मान वाकवावी लागते. लांब झाला तर तो मांडीवर आदळतो, रिक्षात बसताना दांडीला लागतो आणि जिना चढताना गुडघ्याशी येतो.

ही नेमकी लांबी कुणाचीच सारखी नसते. ती उंचीवर ठरते, अंगलटीवर ठरते, अंगावर सुती सदरा आहे की जाड स्वेटर यावर ठरते. त्यामुळे एका मापाचे, शिवून पक्के केलेले पट्टे, मग ते कितीही सुंदर चामड्याचे असोत, सगळ्यांना आरामदायी असूच शकत नाहीत. लांबी बदलणारं बक्कल ही चैन नव्हे, ती प्राथमिक गरज आहे. तेही एका हाताने, न बघता सरकवता येणारं. चालताना कॅमेरा वर घट्ट, फोटो काढताना सैल, बसमध्ये बगलेत आवळलेला, अशी लांबी दिवसातून अनेकदा बदलते. ती बदलता येत असेल, तर अगदी साधी पट्टीही आरामदायी होते.

इथे मला एक गोष्ट जोर देऊन सांगायची आहे, कारण सल्ला देणाऱ्यांच्या मनातला ग्राहक बहुधा पुरुष असतो. तिरका पट्टा छातीवरून जातो. अनेक बायकांना तो मधोमध रुतलेला नको असतो, आणि हे त्या दुकानात मोकळेपणाने बोलू शकत नाहीत. पदर, ओढणी, मंगळसूत्र, मोकळे केस या सगळ्यांत रबरी किंवा जाड पट्टा अडकतो. बक्कल पुढच्या बाजूला आलं की ते साडीचे धागे ओढतं. मी स्वतः साडीवर आखूड पट्टा एका खांद्यावर घेते, कॅमेरा बगलेखाली दाबून ठेवते आणि पंजाबी ड्रेसवर तोच पट्टा लांब करून तिरका घालते. हा एका बाईचा हट्ट म्हणून सोडून देण्यासारखा मुद्दा नाही. छायाचित्रणाच्या शिबिरांत आज मुली आणि बायका मोठ्या संख्येने येतात. त्यांना “रुंद घ्या” एवढंच सांगणाऱ्याने त्यांच्या शरीराचा आणि कपड्यांचा विचारच केलेला नसतो.

तिसऱ्या मताला, म्हणजे मनगटी दोरीच्या आग्रहाला, मी सगळ्यात जास्त आदराने उत्तर देते, कारण त्यात अनुभव आहे. मनगटी दोरी लहान असते, खिशात जाते, कॅमेरा सदैव मुठीत ठेवते. रिको जीआर थ्रीच्या खोक्यात हातपट्टाच येतो आणि त्या कॅमेऱ्याच्या स्वभावाला तो शोभतोही. शहरातल्या गल्लीत तासभर फिरून फोटो काढायचे असतील, तर मनगटी दोरीला तोड नाही.

पण हा आग्रह एक गोष्ट गृहीत धरतो, की तुमचा एक हात कायम मोकळा आहे. आपल्याकडे तो मोकळा असतो का? लोकलमध्ये एका हाताने कडी धरायची असते आणि दुसऱ्याने पिशवी. राजगडाच्या बालेकिल्ल्यावर किंवा हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेवर दोन्ही हात दगडाला लागतात आणि मनगटावर लोंबणारा कॅमेरा कातळावर आपटतो. आळंदीहून निघालेली पालखी जवळपास तीन आठवडे चालून पंढरपूरला पोचते. तिच्याबरोबर दिवे घाट चढणाऱ्या माणसाच्या एका हातात छत्री असते आणि दुसऱ्याने तो कुणालातरी पाणी देत असतो. कडेवर मूल असलेल्या आईला हात कुठून उरणार? “खऱ्या फोटोग्राफरला मनगटी दोरी पुरते” या वाक्यात खरेपणाची जी कसोटी लावली आहे, ती मोकळ्या हातांनी, एकट्याने, ओझ्याशिवाय फिरणाऱ्या माणसाची आहे. ती सगळ्यांवर लादू नये.

शिवाय पट्टा म्हणजे नुसती टांगायची सोय, ही समजूतच अपुरी आहे. कॅमेऱ्यांचा इतिहास पाहिला तर पट्टा कामाला लागलेला दिसतो. 1925 मध्ये लायपझिगच्या जत्रेत लायका बाजारात आला तेव्हा त्याच्या अंगावर पट्ट्याच्या कड्या नव्हत्या, पट्टा असायचा तो चामडी केसला. 1933 च्या लायका थ्रीवर कॅमेऱ्याच्या अंगावरच कड्या आल्या. केस काढून फिरणं त्यामुळे सोपं झालं. रीगाच्या कारखान्यात 1938 पासून तयार होऊ लागलेला वॉल्टर झॅप यांचा मिनॉक्स हा तर बोटाएवढा कॅमेरा. त्याच्यासाठी जी साखळी मिळायची तिच्यावर ठरावीक अंतरांवर मणी होते. कागदपत्राचा जवळून फोटो घेताना साखळी ताणून कागदापर्यंतचं अंतर मोजायचं, अशी ती योजना. टांगायची वस्तूच मोजपट्टी झाली.

दुसरं उदाहरण रोलायफ्लेक्सचं. वरून बघायच्या या कॅमेऱ्यात पट्ट्याची लांबी ही फोटोच्या उंचीशीच बांधलेली असते. शिकागोत मुलं सांभाळत आयुष्यभर रस्त्यांवरचे फोटो काढणाऱ्या व्हिव्हियन मायर यांची आरशांतली आणि दुकानांच्या काचांतली स्वतःची छायाचित्रं पाहा. गळ्यातून उतरलेला पट्टा आणि त्याच्या टोकाला दोन्ही हातांत धरलेला कॅमेरा त्यांत वारंवार दिसतो. असा कॅमेरा किंचित खाली दाबला की पट्टा ताठ होतो, कॅमेरा स्थिर होतो आणि कमी उजेडात संथ शटरचाही फोटो हलत नाही. फुजीफिल्मने 2020 च्या एक्स100व्ही पासून मागचा पडदा वर कलता केला, त्यामुळे हीच पद्धत आजच्या छोट्या कॅमेऱ्यांवरही वापरता येते. पण पट्टा ताणणारा निओप्रीनचा असेल तर तो ताठ राहत नाही, आणि मनगटी दोरी असेल तर ही सोयच नाही. पट्टा निवडताना आपण एक लहानसं स्टँड निवडत असतो, हे कुणी नवख्याला सांगतं का?

जोडणीबद्दलही असाच निष्काळजीपणा चालतो. “जाड पट्टा मजबूत” ही समजूत घट्ट बसलेली आहे. दहा मिलिमीटरची चांगली विणलेली नायलॉन पट्टीसुद्धा अर्ध्या किलोच्या कितीतरी पट ओझं पेलते. कॅमेरा पडतो तो पट्टी तुटून क्वचितच. तो पडतो कडी उघडल्याने, शिवण उसवल्याने, बक्कलमधून टोक सुटल्याने. म्हणून विकत घेताना गादी दाबून बघण्याऐवजी शिवण बघा. टोकाला चौकोनात फुली अशी किंवा आडवी दाट शिवण हवी. बक्कलमधून काढलेलं टोक परत आत वळवलेलं हवं. कॅमेऱ्याच्या कानातली धातूची कडी घट्ट मिटलेली हवी आणि तिच्या मागे चामड्याचा किंवा प्लॅस्टिकचा तुकडा हवा, नाहीतर ती कॅमेऱ्याच्या अंगावर कायमचे ओरखडे पाडते. धातूची कडी चालताना किणकिणते आणि व्हिडिओत तो आवाज स्पष्ट ऐकू येतो. बारीक मजबूत दोरीचे फासे या दोन्ही तक्रारींवर चांगला उपाय आहेत, फक्त ते झिजतात. काही बनावटींत झिजल्यावर आतला वेगळा रंग दिसू लागतो. तो दिसला की त्याच दिवशी फासा बदलावा, पुढच्या सहलीची वाट पाहू नये.

कॅमेरा कसा लटकतो हेही जोडणीवरच ठरतं. दोन्ही वरच्या कड्यांना पट्टा लावला की लेन्स समोर रोखलेली राहते आणि गर्दीत लोकांना लागते. एक टोक वरच्या कडीला आणि दुसरं खालच्या ट्रायपॉडच्या भोकात स्क्रू बसवून तिथे जोडलं, की कॅमेरा उभा होऊन अंगालगत सपाट बसतो. चटकन सुटणारी जोडणी असेल तर पट्टा काढून कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवता येतो. पट्टा तसाच राहिला तर वाऱ्यावर फडफडतो आणि लांब एक्स्पोजरचा फोटो हलवतो. हे सारं साधं आहे, पण आराम याच साध्या गोष्टींतून मिळतो.

मग चामडं, रेशमी दोर, गिर्यारोहणाचा दोर यांचं काय? त्यांचं रूप मलाही आवडतं. जपानी वेणीची रेशमी दोरी हातात घेतली की सोडवत नाही. पण आराम आणि देखणेपणा यांची सरमिसळ करू नये. जाड गोल दोर खांद्यावर एका रेषेत टेकतो, म्हणजे त्याचा दाब बारीक पट्टीसारखाच पडतो आणि जाडीचा फायदा होत नाही. अडीचशे ग्रॅमला तो चालतो, अर्ध्या किलोला चार तासांनंतर खुपू लागतो. चामड्याची गोष्ट तर आपल्या हवेशी बांधलेली आहे. कोरड्या थंड प्रदेशात जो पट्टा वर्षानुवर्षं सुंदर जुना होत जातो, त्याला कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर बुरशी धरते. घामाने त्याचा रंग पांढऱ्या सदऱ्यावर उतरतो. चामडं वापरायचंच असेल तर पावसाळ्यात ते काढून कोरडं ठेवावं आणि नायलॉन लावावं. सुती पट्टी मऊ असते, घाम शोषते, पण भिजली की उशिरा वाळते. नायलॉन लवकर वाळतं, धुता येतं, म्हणून आपल्याकडच्या बारमाही वापराला तेच सगळ्यात सोयीचं. परदेशातल्या जाहिरातींतला चामडी पट्टा चार हजारांना घेतला म्हणून तो वारीच्या पावसात आरामदायी ठरणार नाही.

“गळ्यात कॅमेरा म्हणजे पर्यटक दिसतो” हा आक्षेप मी मुद्दाम शेवटी घेते, कारण त्यामागची भीती मी समजू शकते. अनोळखी वस्तीत फोटो काढताना आपण परके दिसू नये, असं वाटणं योग्यच आहे. पण परकेपणा पट्ट्याने ठरत नाही. वागण्याने, बोलण्याने, थांबण्याने तो ठरतो. मोठ्या पांढऱ्या अक्षरांत कंपनीचं नाव लिहिलेला पट्टा नजरेत भरतो हे खरं, आणि तसा पट्टा टाळायला माझी हरकत नाही. प्रसिद्ध छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायकाचे चकचकीत भाग काळ्या टेपने झाकत. तो विचार पट्ट्यालाही लागू करा : गडद रंगाची, नाव नसलेली, अरुंद पट्टी घ्या. एवढ्यासाठी पट्टाच टाकून देण्याची गरज नाही.

या वादाचा निकाल लावायला तज्ज्ञ लागत नाही. बाजारातून सुती नाडा किंवा निवारीची अरुंद पट्टी आणा. पुण्याच्या बोहरी आळीत, कुठल्याही गावच्या बाजारपेठेत ती थोड्या पैशांत मिळते. कॅमेऱ्याच्या दोन्ही कड्यांना पक्क्या गाठी मारा, गादीवर बसून त्या ओढून पाहा आणि मग एक दिवस तसाच घराबाहेर काढा. जिना चढा, रिक्षात बसा, दोन पिशव्या उचला, मूल कडेवर घ्या, कॅमेरा वीस वेळा डोळ्याला लावा. गाठ खाली-वर करत राहा. संध्याकाळपर्यंत लांबी सापडते. ती टेपने मोजा, कागदावर लिहा आणि मगच दुकानात जा. तुम्हाला रुंदी किती हवी, तिरका घालायचा की खांद्यावर, एका हाताने बदलणारं बक्कल लागेल की नाही, हे सगळं त्या एका दिवसात कळलेलं असतं.

दुकानदारांना माझी विनंती आहे. पट्टे बंद पाकिटांत खिळ्याला टांगून ठेवू नका. दोन-तीन नमुने उघडे ठेवा आणि ग्राहकाला त्याचा स्वतःचा कॅमेरा त्यावर लावून दुकानात चार फेऱ्या मारू द्या. चपलासुद्धा आपण पायात घालून चालून पाहिल्याशिवाय घेत नाही. मुंबईच्या फोर्टातल्या बोरा बाजारात कॅमेऱ्याच्या दुकानांची रांग आहे. तिथे एका दुकानाने ही पद्धत सुरू केली तर बाकीच्यांना ती उचलावी लागेल. शिबिरं घेणाऱ्यांना आग्रह आहे, की ॲपर्चर आणि शटर शिकवायच्या पहिल्या दिवशी अर्धा तास पट्ट्याला द्या. विद्यार्थ्यांना एकमेकांचे कॅमेरे घालून पाहायला सांगा. उंच मुलाचा पट्टा बुटक्या मुलीच्या मांडीवर कसा आदळतो, हे त्यांना तिथेच दिसेल आणि ‘एकच पट्टा सगळ्यांना’ ही कल्पना त्यांच्या डोक्यातून आपोआप जाईल.

आणि जे अनुभवी आहेत, ज्यांचा शब्द नवखे मानतात, त्यांनी ती तीन ठरलेली उत्तरं आता थांबवावीत. छोटा कॅमेरा घेणाऱ्याने लांब लेन्सचा मोह सोडलेला असतो तो फक्त कॅमेरा रोज जवळ राहावा म्हणून. पट्टा चुकला तर त्याचा तो सौदाच फसतो. पुढच्या वेळी कुणी विचारलं, “कुठला पट्टा घेऊ?”, तर ब्रँड सांगण्याआधी त्याची उंची विचारा, तो कशाने प्रवास करतो ते विचारा, त्याचा कुठला हात केव्हा मोकळा असतो ते विचारा, आणि त्याला आधी नाडा आणायला पाठवा.